मधात कोन ठेवू?

“मधात कोन ठेवू?” समोर कुणीही येवो, फ्लेक्स वाढदिवसाचा असो की दहाव्याचा, तो चष्मा कपाळावर ढकलायचा, माऊसवर हात ठेवायचा आणि एवढंच विचारायचा. मधला माणूस ठरला की भोवतीचे चाळीस चेहरे कुठं चिकटवायचे हे त्याला सांगावं लागत नसे. आमच्या बीड जिल्ह्यातून तुम्ही कधी एसटीनं गेला असाल, तर ते चेहरे तुम्हीही पाहिले असतील. चौकाचौकात हात जोडून उभे असतात. मला त्यांची किळस येते. त्यालाही यायची, पण त्याचं पोट त्यांच्यावरच होतं.

माजलगावात माझ्या खोलीच्या खालीच त्याचं फ्लेक्सचं दुकान. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून मजकूर तपासायला तो मला हाक मारायचा. खाली जावं तर पडद्यावर कुठल्या तरी पुढाऱ्याचे गाल गोरे करणं चाललेलं असायचं आणि स्पीकरवर त्याचा तो अमेरिकन बँड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कानांवर हातच ठेवले.

“अरे, हे काय लावलंयस?”

“सर, मागं थ्रेशर चालू हाय आन् पुढं एक जन वरच्या सुरात आरती म्हनतोय, असं समजून ऐका.”

तसं ऐकलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं नाही. पण ऐकताना त्याचा चेहरा जो उजळायचा, तो बघायला मी पुन्हा पुन्हा खाली जायचो.

बीडला आयटीआयला असताना खोलीतल्या एका मित्रानं त्याला एक कॅसेट दिली होती. तेव्हापासून त्या बँडचा सगळा इतिहास याला तोंडपाठ. सांगायची तऱ्हा मात्र आपल्याकडची. “गल्लीतल्या चौघांनी गॅरेजात सुरू केला, सर. दोन रेकॉर्डी लई गाजल्या. मंग गिटारवाला फुटला, कंपनीनं हात वर केले, बँड मोडला. एवढा मोठा गायक, गोदामात माल उतरवत व्हता! म्हातारपनी ड्रमवाल्यानं समद्यांना पुन्हा गोळा केलं.” एकदा एक कार्यकर्ता फ्लेक्सची वाट बघत हे ऐकत बसला होता. त्यानं अगदी मन लावून विचारलं, “गिटारवाला फुटल्यावर चिन्ह कोनाकडं ऱ्हायलं?”

“ड्रमवाल्याकडं,” हा तितक्याच गंभीरपणे म्हणाला.

एके सकाळी तो जिना चढून वर आला. डोळे लाल. “सर, आपला गायक गेला.” आपला म्हणाला तो. मग मला खाली नेऊन त्यानं केलेला फ्लेक्स दाखवला. काळ्या जमिनीवर एकटा त्या लांब केसांच्या म्हाताऱ्याचा चेहरा, खाली बारा ओळींत बँडची कहाणी. हात जोडलेलं कुणी नाही, ‘शोकाकुल’ कुणी नाही. वीस वर्षांत त्यानं स्वतःसाठी केलेला तो पहिला फ्लेक्स. इतका स्वच्छ फ्लेक्स मी आमच्या गावात पाहिलेला नव्हता.

चौकात बांबू उभे करेपर्यंत तालुक्याच्या पुढाऱ्याची, साहेबांची माणसं हजर.

“साहेबांचा फोटो कावून न्हाई? या चौकात साहेबांबिगर फ्लेक्स लागत न्हाई.”

“तुमी त्याला वळखता तरी का? अमेरिकेचा गायक हाय तो.”

“कोन का असंना. मेला न्हवं?”

त्यांनी त्याला दुकानात आणून बसवलं आणि मोबाईलवरून आपापले फोटो पाठवायला सुरुवात केली. जागा पुरेना, म्हणून आधी बारा ओळी गेल्या, मग गायकाचे केस कापले गेले. सगळं याच्याच हातानं. मी शेजारी उभा राहून नावांतल्या चुका तपासून दिल्या. शेवटी सवयीनं त्याच्या तोंडून गेलंच, “मधात कोन ठेवू?”

“साहेब. आनखी कोन?”

फ्लेक्स लागला. दोन दिवस लोक साहेबांच्या बंगल्यावर दुखवट्याला जात होते. साहेबांनीही मान हलवून सांगितलं म्हणे, जवळचा कार्यकर्ता होता, पोकळी भरून निघणार नाही. याला मी दुकानामागच्या नळावर हात धुताना पाहिलं. एकदा धुतले, पुसले, पुन्हा साबण लावला.

“सर,” माझ्याकडं न बघता तो म्हणाला, “मी गेल्यावर माझा फ्लेक्स लावू देऊ नका. ऐकलंच न्हाई कुनी, तर मला एकट्याला ठेवा. खाली ह्या बारा वळी.” त्यानं छापलेला कागद माझ्या हातात दिला. मी कागद घेतला आणि शब्दही दिला.

मागच्या उन्हाळ्यात केजला फ्लेक्स बांधायला गेला होता, तिथंच छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

दुसऱ्या दिवशी तीच माणसं माझ्या दारात. “सर, तुमचा फोटो पाठवा. तुमी त्याचे जवळचे.”

“त्याची इच्छा नव्हती,” मी म्हणालो. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

“साहेब स्वतः लावायलेत, सर. तुमीच न्हाई दिसले तर बरं दिसंल का?”

साहेब आमच्या कॉलेजच्या संस्थेवर आहेत. बारा ओळींचा कागद टेबलाच्या खणात होता, हाताच्या अंतरावर. मी खण उघडला नाही. मोबाईल उघडला आणि सहलीतला एक हसरा फोटो पाठवून दिला. चाळीस चेहऱ्यांना मी नावं ठेवत आलो, आणि एक्केचाळिसावा मीच निघालो.

मधे साहेब होते. तो खाली उजव्या कोपऱ्यात, लहानशा गोलात.

आता तो फ्लेक्स बायपासच्या चहावाल्यानं सरपण झाकायला नेला आहे. खालचा उजवा कोपरा वाटेत येत होता, म्हणून त्यानं तेवढा कापून टाकला. दुसऱ्या रांगेत मी अजून हसतो आहे.