वाघमारे काका आणि मोज्यांतल्या बाटल्या

वाघमारे काकांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते थुंकत होते. मी कॅल्गरीत नवीन, त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेलेले. निर्मला काकू म्हणाल्या, "बेसमेंटमध्ये आहेत, जा खाली." खाली साठी-सत्तरीची सहा सभ्य मराठी माणसं स्टीलच्या पातेल्यात वाइन थुंकत होती, आणि बाटल्यांना लोकरीचे मोजे घातलेले! सोलापूरहून आलेली मी जिन्यातच थिजले. काका म्हणाले, "घाबरू नकोस. प्यायची नाही, तपासायची. ये, तूपण थुंक."

काका तेल कंपनीच्या लॅबमधून केमिस्ट म्हणून रिटायर झालेले. पोर्तुगालच्या ड्राय, म्हणजे गोडवा नसलेल्या, वाइन्सची प्रदेशवार तुलना हा त्यांचा बारा वर्षांचा उद्योग. त्यांच्या वहीत दोरूची वाइन पिकल्या जांभळासारखी भरदार, दाओची सडपातळ, आलेन्तेजोची उन्हात तापून मऊ झालेली. बाइराडाची म्हणजे जिभेवर तुरटी फिरवल्यासारखी, "पण दहा वर्षं थांबा, मग बघा!"

मोजे कशाला, असं मी विचारलं होतं. "लेबल बघून वाइनला मार्क देणं म्हणजे आडनाव बघून माणसाला मार्क देणं. ते मी पुष्कळ सोसलंय."

माझी पहिली कथाही त्यांनी नाव झाकून वाचली. "तिसऱ्या पानावर झोप लागली," म्हणाले. मी रडले. दुसऱ्या दिवशी दाराशी माझ्या मापाचे स्नो बूट होते आणि आत चिठ्ठी: "झोप झाली. चौथं पान छान आहे."

आता ते सांगते, ज्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. कॅनडा देश होऊन दीडशे वर्षं झाली त्या, २०१७च्या, उन्हाळ्यातली गोष्ट. काकांनी ग्लास हुंगला. "दाओ असणार. अप्रतिम!" मी हुंगला. ओला पुठ्ठा! बूच खराब निघालं की वाइनला हाच वास येतो, हे मला काकांनीच शिकवलेलं. पण त्या सहा जणांतले डॉक्टर पाटणकर डोळे मिटून म्हणाले, "वा! काय जंगलाचा गंध!" सगळ्यांनी वीसपैकी अठरा दिले. मीही दिले.

तेवढ्यात काकू भजी घेऊन आल्या. त्या वाइनला शिवतही नाहीत. "अहो, कसला कुबट वास येतोय? पुठ्ठा भिजलाय का कुठे?"

काकांनी ग्लास परत नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "मला कसलाच वास येत नाहीये," ते म्हणाले. "जानेवारीतल्या सर्दीपासून. या भज्यांचाही नाही."

काकू प्लेट धरून तशाच उभ्या. "मग सहा महिने माझ्या भाजीला छान छान म्हणताय, ते?"

काका माझ्याकडे वळले. "तुला आला होता वास?"

"हो."

"मग अठरा कसे?"

"तुम्ही अप्रतिम म्हणालात, म्हणून..."

ते हळूच म्हणाले, "बाटल्यांना मोजे घातले आणि लेबल मीच झालो." त्यांनी वही मिटली. "बंद करू या हे."

मी हादरले. बारा वर्षं! दोरू सरस की दाओ, याचा निकाल अजून लागायचा होता. मी एक घोट घेतला, पातेलं पुढे ओढलं, थुंकले आणि म्हटलं, "सगळ्यात लहान मी आहे. मी आधी बोलते. शून्य."

काकांनी वही उघडली, आणि जानेवारीपासूनचे स्वतःचे सगळे मार्क एकेक करून खोडले.

तेव्हापासून तिथे हाच नियम: सर्वांत लहान आधी बोलणार, काका फक्त लिहिणार. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथातही माझा लेख पहिला घ्या, असा हट्ट त्यांचाच.

काका आता पंच्याहत्तर वर्षांचे झालेत. वास अजून परतलेला नाही. त्यांना भरपूर, ठणठणीत आयुष्य मिळो, आणि त्यात एक दिवस असा येवो, की काकू वर फोडणी देतील आणि काका बेसमेंटमधून ओरडतील, "करपली गं!" खरंच करपली का, याचा निकाल मात्र नियमाप्रमाणे सर्वांत लहानच आधी देईल.