कापराची डबी

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आमच्या रविवारच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक गृहस्थ आहेत. ते एक वेळ जेवणाचा डबा विसरतील, पण कापूर नाही. "हरवलात तर तीन आगी पेटवायच्या, त्रिकोणात. वर ओली पानं टाका, म्हणजे धूर हेलिकॉप्टरला दिसतो," हे ते दर वेळी कार पार्कमध्येच ऐकवतात. आम्ही बुटांच्या नाड्या बांधत "हो हो" म्हणतो.

मागच्या महिन्यात डोंगरावर धुकं उतरलं आणि आम्ही खरंच हरवलो. गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांनी काटक्यांचे तीन ढीग रचले, त्यांत तुपातल्या फुलवाती खोचल्या आणि पहिल्या ढिगावर कापूर पेटवला. ज्योत वर येताच आम्ही सातही जणांनी सवयीने तिच्यावर हात फिरवून डोळ्यांना लावले.

"अहो, आरती काय घेताय? पानं टाका!" ते ओरडले.

तेवढ्यात कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एक गोऱ्या आजीबाई धुक्यातून अवतरल्या. इथे आग पेटवायला बंदी आहे आणि कार पार्क त्या भिंतीपलीकडेच आहे, असं त्यांनी खडसावलं. आमच्या माना खाली गेल्या.

गृहस्थांनी शांतपणे बाटलीतलं पाणी ओतून आग विझवली.

"बघितलंत? एकाच आगीत मदत आली. दोन तर पेटवायच्याच राहिल्या."