आठ पावलांवरची पपई

माज्या हातानं झाड मेलं, हे आदीच सांगून टाकते. मागाहून तोंड लपवायला नगं.

तेहतीस सालची गोष्ट. लोणावळ्यात आमच्या शेजारी खुर्शीदाचं घर. तिचा नवरा इब्राहिम रेल्वेत खलाशी. भला मानूस! हितल्या पावसात भाजीपाला कुजून जातो, तरी त्यानं परसात उंचवटा करून पपई लावली. साल उलटलं अन् फळं धरली. ती पिकायच्या आदीच, मिरगात, तापानं तीन दिवसांत गेला बिचारा.

खुर्शीदा इद्दतीत बसली. त्यांच्यात नवरा गेला की बाईनं चार म्हैने धा दिवस घर सोडायचं न्हाई. आंबीहून दीर आला, हमीद. माघारी जाताना म्हनला, "भाबी, पागोळीच्या भाईर पाऊल टाकू नका." छपराचं पानी पडतं, तितपातुर तिची हद्द. पपई तितनं आठ पावलांवर.

"मावशी, तेवढं झाड जगवा," ती मला म्हनली. "त्यांच्या हातचं तेवढंच ऱ्हायलंय."

"आगं, जलमभर भात लावतीय मी. एका झाडाचं काय घेऊन बसलीस?" इरलं घेतलं, कुदळ घेतली. उंचवट्याची माती वाहून चाललेली, म्हनून बुंध्याभवती चांगला गुडघाभर बांध घातला, खाचराला घालतो तसा.

ती दारातनं वरडली, "मावशी, पानी अडंल! बांध नगं, चर काढा. पपईला पानी सोसत न्हाई."

मला असा राग आला! कालची पोर मला माती शिकवती? "तू गप बस घरात," म्हनले. व्हय, असंच म्हनले. अन् लावणीला शेतावर गेले, ती आठ दिस तितंच ऱ्हायले.

परत आले तर बांधात तळं अन् पपई आडवी. बुंध्याला हात लावला, पार चिखल झालेला. खुर्शीदा पागोळीखाली उभी, कोपरापातुर भिजलेली. पायाशी फुंकणी, काठी अन् लांब वेळू, एकमेकाला फडक्यानं बांधलेले. हाका मारून मारून घसा बसलेला. त्या पावसात कुनाला ऐकू जानार? चिखलात काठीचे वरखडे बांधाकडं गेलेले. बांधापातुर पोचायला एक हात कमी पडला व्हता.

"आगं, मग जायचं व्हतंस की! कोन बघत व्हतं?"

"त्यांच्यासाटी बसलेय ना, मावशी. ते मोडून त्यांचं झाड कसं वाचवू?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढं तीन म्हैने ती दारात बसून तो बांध बघायची, अन् मी तिची नजर चुकवायची. बांधाला हात लावायचा मला धीर झाला न्हाई.

दिवाळीच्या तोंडावर इद्दत सरली. हमीद टांगा घेऊन आला, तिला आंबीला कायमचं न्यायला. ती भाईर पडली, पन टांग्याकडं गेली न्हाई. माज्या दारातली कुदळ उचलली अन् आठ पावलं चालून गेली. आत पानी न्हवतं, झाड न्हवतं. तरी तिनं तो बांध सगळा फोडला.