कोंडीराम आणि बिनमातीची तुळस

लालबागच्या आमच्या चाळीत कोंडीराम परबाच्या जिभेला मोठा मान होता. तो गिरणीच्या कांजीखात्यात कामाला. सुताला लावायची कांजी शिजली की साहेब काचेची नळी बुडवून आकडा बघत, पण आकड्यावर त्यांचाच विश्वास नसे. मग कोंडीरामाला बोलावणं जाई. तो बोट बुडवी, चाटी, डोळे मिटी आणि सांगे, "खार कमी." साहेब मुकाट्यानं खार वाढवत.

ही जीभ चौदा वर्षं खानावळीत सुकट आणि खारा बांगडा खाऊन तयार झालेली. बायको जाईबाई गावी, मालवणाकडे. पंचावन्न साली कोंडीरामाला एकदाची स्वतःची खोली मिळाली आणि त्यानं तिला बोलावलं. तिनं उलट कळवलं, "दारात तुळस नसात, तर मी थंय रवाचंय नाय."

आता आली का पंचाईत! गॅलरीची लाकडं कुजतात म्हणून मालकानं जिन्यात पाटी लावली होती: माती आणणाऱ्याची खोली काढून घेतली जाईल.

तोड काढली रंगखात्याच्या मास्तरांनी. झाड माती खात नाही, मातीतले क्षार पाण्यातून पितं, असं त्यांनी कुठल्याशा सरकारी पत्रकात वाचलं होतं. त्यांनी बुडाला भोक पाडलेल्या डब्यात धुतलेली खडी भरायला सांगितली आणि सोरा, जुलाबाचं मीठ नि थोडं खत मिसळून एक पूड दिली. पाण्यात चिमूटभर घालायची. आणि आठवड्यातून एकदा नुसतं पाणी ओतून डबा खालून वाहू द्यायचा, कारण झाड पाणी पितं पण उरलेला क्षार खडीत साचतो.

तुपाच्या डब्यात तुळस लागली. जाईबाई ट्रंक घेऊन बोटीनं आली. मालकाचा मेहताजी तपासणीला आला, त्यानं कोपरापर्यंत हात घालून डबा ढवळला आणि वहीत लिहिलं, 'झाड आहे, माती नाही, गुन्हा नाही.' कोंडीरामाची छाती फुगली.

पण डबा वाहू द्यायचं मास्तरांचं सांगणं काही त्याच्या गळी उतरेना. कांजीखात्यात कढईतलं ओतून देणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर दिसत नसे. त्यामुळे डब्यातून गळलेलं पाणी तो वाडग्यात धरी, चाटून बघी, "खार कमी" म्हणे आणि आणखी पूड घालून परत वर ओती. सकाळी पाणी घालायला आलेल्या बायकांना तो हाकलून देई, औषध पातळ होतं म्हणून. महिन्याभरात खडीवर पांढरी पापडी धरली, पानांची टोकं करपली. कोंडीरामानं पूड दुप्पट केली. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला आपल्या जिभेचा भारी गर्व होता.

तुळस जळणार, हे जाईबाईनं ओळखलं. तिनं लुगडी घडी करून ट्रंकेत भरली, कुलूप लावलं आणि ट्रंक दाराबाहेर आणून ठेवली. सोमवारच्या बोटीनं ती जाणार होती.

रविवारी त्याला संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात अटक झाली. छप्पनचा जानेवारी होता, पोलिसांच्या गाडीत कोंबलेले सगळे 'मुंबई महाराष्ट्राचीच' म्हणून ओरडत होते. हा एकटा गजांना धरून ओरडत होता, "घराक सांगा, पानी घालू नकात, पूड घाला!" बाकीच्यांना ही नवी घोषणा वाटली. त्यांनी ती दोनदा दिलीसुद्धा.

नवरा तुरुंगात असताना गावी कशी जाणार? जाईबाई थांबली. तुळस मात्र आजची उद्या नाही, हे तिला दिसत होतं. तुळशीला शेवटचं ऊन मिळावं म्हणून तिनं डबा उचलून ट्रंकेवर ठेवला आणि माणसाच्या मुखात घालतात तसं शेवटचं पाणी घातलं. शेजारच्या आनंदीबाईनं ऐकलं, तीही तांब्या घेऊन आली. मग अख्खी चाळ आली. बावीस खोल्यांचे बावीस तांबे झाले. डब्याखालून पांढुरकं पाणी वाहायला लागलं. तुळस त्या दिवशी गेली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी परत शेवटचं पाणी घातलं. तिसऱ्या दिवशीही घातलं. पाचव्या दिवशी खालून स्वच्छ पाणी आलं, आठव्या दिवशी देठाला कोंब फुटला, तरी रांग चालूच होती.

अकरा दिवस तुरुंगातली अळणी आमटी खाऊन कोंडीराम परतला. तुळस हिरवी दिसली, पण त्याची नजर खाली ट्रंकेवर गेली. कुलूप तसंच होतं. जाईबाईच्या अंगावर आनंदीबाईचं लुगडं होतं.

सवयीनं त्यानं डब्याखाली बोट धरलं आणि चाटलं. चव कसलीच नव्हती. आत जेवायला बसला, तर पहिल्या घासाला ठसका लागला. बांगडा खारट होता. जन्मात पहिल्यांदा त्याला तो खारट लागला होता.

मग खाली मान घालून त्यानं विचारलं, "बोट कधीची?"

"ट्रंकेत पानी गेला," जाईबाई म्हणाली. "कुलूप गंजला, उघडणा नाय."

"कुलूपवाल्याक हाडू?"

"कित्याक?" तिनं त्याच्या ताटात भात वाढला. "नवी दोन लुगडी हाडा."