बेंचवरची चार वर्षं

लेकीला आपल्या कॉलेजच्या टीममध्ये घ्यायला आलेला कोच आमच्या टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरात सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता. पोहे त्याने पुन्हा मागून घेतले आणि म्हणाला, "एक वर्ष खेळून निघून जाणाऱ्या स्टार मुली मला नकोत. मला चार वर्षं राहणारी मुलगी हवी." नवऱ्याचा चेहरा लेकीचं लग्न ठरल्यासारखा खुलला. आमच्या नात्यात बास्केटबॉल कुणी हातात धरला नव्हता. लेकीने लगेच होकार कळवला.

पहिलं वर्ष संपलं आणि तो कोचच मोठ्या कॉलेजात निघून गेला.

नव्या कोचबाईंना लगेच जिंकायचं होतं. दर उन्हाळ्यात त्या दुसऱ्या कॉलेजांतून तयार खेळाडू आणायच्या. त्या मुली एक सीझन गाजवून जायच्या, त्यांच्या जागी नव्या यायच्या. लेक बेंचवरच. आम्ही हायवेने लांबवर ड्राइव्ह करून मॅच बघायला जायचो आणि ती दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवताना पाहून परत यायचो. तिच्या ट्रॅकसूटची चेनसुद्धा उघडलेली नसायची.

"अगं, मग तूही ट्रान्सफर घे ना!" नवरा फोनवर म्हणायचा.

"बाबा, इट्स नॉट दॅट ईझी."

ती नर्सिंग शिकत होती. दुसरीकडे गेली असती तर निम्मे विषय पुन्हा करावे लागले असते, आणि टीम सोडली असती तर स्कॉलरशिप गेली असती. मला ते समजत होतं. ग्रीन कार्डच्या रांगेत मी वर्षानुवर्षं एकाच कंपनीत अडकले होते; कंपनी बदलली तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. मॅनेजर कसाही बोलला तरी मान डोलवायची. आम्ही मायलेकी रोज फोनवर एकमेकींना "बरं चाललंय" म्हणायचो, आणि दोघींचाही त्यावर विश्वास नसायचा.

शेवटच्या वर्षी आलेली स्टार नेमकी लेकीच्याच जागेवर खेळणारी निघाली. जिमबाहेर तिचा भलामोठा फोटो लागला. मी त्या पोरीचा मनापासून राग केला. आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी लेकीचा फोन आला, "आई, मी तिला घरी आणतेय. तिला जायला कुठेच नाहीये."

दोघी आल्या त्या दिवशी दुपारी लेक सोफ्यावर झोपली. ती पोर स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. लेकीने शिकवलं असावं, मला "काकू" म्हणत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पुढच्या वर्षी कुठे?"

"माहीत नाही, काकू. हे माझं तिसरं कॉलेज. टीममधल्या मुलींशी जरा ओळख होते, तोवर सीझन संपतो."

"मग याच कॉलेजात राहा ना."

"राहिले तर लोक म्हणतील, हिला दुसरीकडे कुणी घेतलं नाही." मग सोफ्याकडे बघत ती म्हणाली, "तिला मेसमधल्या बायकाही नावाने हाक मारतात. माझा नुसता जर्सीवरचा नंबर माहीत आहे सगळ्यांना."

मी तिला आणखी वरणभात वाढला. ती उभ्याउभ्याच जेवली. मी लेकीच्या वतीने जपून ठेवलेला राग आता कुणावर काढायचा, तेच कळेना.

शेवटच्या होम मॅचला, निकाल ठरून गेल्यावर, कोचबाईंनी लेकीला आत पाठवलं. त्या पोरीने मिळालेला प्रत्येक बॉल लेकीकडेच दिला. पहिला शॉट हुकला, दुसराही हुकला. तिसरा आत गेला तेव्हा ती पोर लेकीपेक्षा उंच उडाली. शेजारची बाई मला म्हणाली, "किती छान क्षण!" मी रडत होते, पण आनंदाने नव्हे. चार वर्षं घालवून लेकीच्या वाट्याला एवढंच आलं होतं.

सीझन संपताच स्टार चौथ्या कॉलेजात गेली. एअरपोर्टवरून तिने लेकीला दोघींचा आधी काढलेला एक सेल्फी पाठवला, लेकीने तो माझ्याशिवाय कुणाला न दाखवता ठेवून दिला.

नर्सिंग संपल्यावर घराजवळच्या हॉस्पिटलने लेकीला नोकरी देऊ केली, पण काही वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून मागितलं. तिने नकार दिला आणि लांबची, बिनअटीची नोकरी धरली.

"रोज केवढा ड्राइव्ह पडेल तुला!" मी म्हणाले.

"पडू दे, आई."

नोकरीच्या पहिल्या दिवशी सकाळी ती तिच्या रस्त्याने गेली. मी हायवेवरून नेहमीच्या एक्झिटने उतरून त्याच ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि बराच वेळ आतच बसून राहिले.