गाभण म्हैस आणि दुसरा गिअर

तापलेल्या ब्रेकचा जळका वास आला की मला चिखलदऱ्याचा घाट आठवतो. कापसाने पुन्हा दगा दिला होता, म्हणून दूध विकायचं ठरवून आम्ही वरच्या एका गवळ्याकडून गाभण म्हैस घेतली. उतरताना टेम्पो मी चालवत होतो आणि बायको मागे म्हशीचा दोर धरून उभी होती. पहिल्याच वळणावर मी ब्रेक दाबला, म्हैस पुढच्या गुडघ्यांवर आली आणि मागून आरोळी आली, "अवो, ब्रेक काहून मारता? पडली त पोटातलं जाईन न तिचं!" मग मी वळणाच्या आधीच क्लच दाबून तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकू लागलो आणि क्लचवरचा पाय अलगद सोडू लागलो. इंजिन कण्हायचं, पण गाडी धक्का न देता हळू व्हायची. "आता कशी आहे?" मी प्रत्येक वळणानंतर ओरडायचो. "उभी हाये! तुमी समोर पाहा!" परतवाड्याच्या सपाट रस्त्यावर गाडी थांबवून मी मागे धावलो, तर म्हैस निवांत रवंथ करत होती आणि बायकोचा हात तिच्या पोटावर होता. "हाललं न!" ती म्हणाली, "आतमंदी हाललं!" हे लिहितानाही माझे खांदे सैल झाले.