बसाप्पाच्या ऑपरेशनचे पैसे

पेडणेकर मंडळींनो, तुम्हाला न विचारताच आज एक गोष्ट करून बसलेय.

आमच्या घराचं बांधकाम करणाऱ्या बेळगावच्या बसाप्पाच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तुम्ही ग्रुपवर वर्गणी काढून पैसे दिलेत. आज त्याला ॲडमिट करायचं होतं. तो बायकोला घेऊन आला.

म्हणाला, “ताई, हिच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर थांबू नका म्हणतात. माझं राहू दे, हिचं करा.”

“आधी का नाही सांगितलंस?”

“मला तुम्ही सगळे ओळखता. हिच्यासाठी कोण देणार?”

तिलाच ॲडमिट केलं. संध्याकाळी बघते तर बसाप्पा पोटाचा पट्टा आवळून सिमेंटची पोती उचलत होता.

पैसे तुमचे होते. चुकलं का माझं? आणि आता त्याचं काय करू?